आत्या नागकन्या झाली ते दिवस

माझी चंद्राआत्या काही वर्षं नागकन्या होती. हे असं सरळ लिहून टाकलेलं बरं, कारण तोंडी सांगायला गेले की मी मधेच अडखळते आणि ऐकणाऱ्याला वाटतं म्हातारी काहीतरी बरळतेय. माझी नात म्हणते, आजी, सुरुवातीपासून नीट सांग. पण नीट सांगायचं तर आधी ते मला नीट कळलेलं असायला हवं. सत्तरी उलटली, गुडघे गेले, शहराचं नावसुद्धा बदललं, तरी त्या दिवसांचा अर्थ काही मला लागलेला नाही. कधी वाटतं आमच्या आण्णांचं बरोबर होतं, कधी वाटतं आत्याचं. कधी कधी एकाच दिवसात दोन्ही वाटतं.

आमचं घर म्हणजे खाम नदीच्या अलीकडच्या वस्तीतल्या पत्र्याच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत भिंतीवर दोन फोटो होते, देव एकही नव्हता. आण्णा गवंडीकाम करायचे. दिवसभर विटा आणि गारा, आणि संध्याकाळी हातपाय धुऊन, धुतलेला सदरा घालून विहारात. तिथं ते बोलायला उभे राहिले की माणसं बिडी विझवून ऐकायची. माणसानं माणसासारखं राहावं, कुणापुढं वाकू नये, मागच्या जन्माचं पाप-बिप काही नसतं, हे मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं. चंद्राआत्या त्यांची धाकटी बहीण. लहानपणी ताप आला आणि तिचे दोन्ही पाय वाळून गेले. आमचं मूळ गाव पिशोर. तिथं लोक म्हणायचे, आई-बापाचं पाप पोरीच्या पायात उतरलं. आजी वारली त्या साली आण्णांनी बहिणीला खांद्यावर घेतलं, एसटीत बसवलं आणि शहरात आणलं. ते गाव त्यांनी पुन्हा पाहिलं नाही. हल्ली दिव्यांग म्हणतात. तेव्हा जो शब्द होता तो आमच्या घरात कुणी उच्चारला तर आण्णा ताटावरून उठायचे.

आत्या मागच्या खोलीत चुलीजवळ बसलेली असायची. हातांना टायरचे तुकडे बांधून ती घरभर सरकायची, पण उंबऱ्याबाहेर तिचं जाणं नव्हतं. बाहेर पडली तर दवाखान्यासाठी, तेही आण्णांच्या पाठीवर. तिच्या हातच्या ज्वारीच्या भाकरीचा आवाज अजून माझ्या कानात आहे, परातीत थाप थाप थाप आणि मग तव्यावर पडताना एक ओलं चर्र. येसर घातलेली आमटी, पाट्यावर रगडलेला शेंगदाण्याचा ठेचा, अंबाडीची भाजी. आणि हे सगळं करताना तिचं तोंड चालू. ती आवाज काढायची. कल्हईवाला, बोंबीलवाली, गल्लीत राहणाऱ्या कोर्टाच्या पट्टेवाल्याचं खाकरणं, शेजारच्या यशोदाबाईचं नवऱ्यावर तापणं. एसटीच्या कंडक्टरचा आवाज काढून ‘चला फुलंब्री, फुलंब्री, मागं सरका’ असं ओरडली की माझ्या मायच्या हातातलं पीठ सांडायचं. ज्या माणसांना तिनं कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं त्यांचेसुद्धा आवाज तिला यायचे. मला त्याचं नुसतं हसू यायचं.

सुगी झाली की वस्तीमागच्या मैदानात जत्रा यायची. उंच पाळणा, मौत का कुआं, बांगड्यांची दुकानं, आणि दुपारपासून भोंगा. त्या वर्षी आण्णा जालन्याकडं बांधकामावर होते आणि महिनाभर परतणार नव्हते. जत्रेतली माणसं आमच्या गल्लीतल्या हापशावर पाणी भरायला येत. त्यातली एक रजियाखाला. अंगानं भारी, दातांना मिशरी, आणि बोलणं असं की भांडतेय की मायेनं विचारतेय ते कळू नये. ती हापसा मारत असताना आतून आत्यानं कंडक्टरचा आवाज काढला. खाला कळशी तिथंच टाकून आमच्या दारात आली.

‘ये कौन मरद बैठा है अंदर?’

माय हसली आणि तिनं आत बोट दाखवलं. खाला वाकून आत बघत राहिली. आत्याच्या पायांकडं तिची नजर गेली, तिथं थोडी थांबली आणि मग तोंडावर आली. आमच्याकडं येणाऱ्या कुणाचीही नजर पायांवर थांबली की पुढं हळहळ यायची. खालाची हळहळ काही आली नाही. ती उंबऱ्यावर बसली, चहा प्यायली आणि म्हणाली, ‘मेरी नागकन्या भाग गई शादी करके. तू आती क्या?’

खेळ असा होता: एक रंगवलेली पेटी, पेटीवर कापडाचा भुसा भरलेला नाग वेटोळं घालून, आणि वेटोळ्याच्या टोकाला बाईचं जिवंत मुंडकं. बाई खाली पेटीत दडून बसलेली. खाला म्हणाली, धडधाकट पोरगी पाय दुमडून बसली की थोड्या वेळानं मुंग्या येतात, चुळबूळ करते, पेटी हलते. लोक शिट्ट्या मारतात. ‘तेरेकु क्या तकलीफ? और ये आवाज. अल्ला.’

मला आठवतं, आत्याचे हात पिठात तसेच राहिले. जन्मभर ज्या पायांमुळं तिला कुठंच जाता आलं नाही, त्याच पायांमुळं कुणीतरी तिला बोलवायला आलं होतं. ती मायकडं बघत होती. माय चुलीतलं लाकूड मागं ओढत होती. मग वर न बघता म्हणाली, ‘जाऊन बघा, चंद्राबाई. नाय जमलं तर माघारी या. घर कुठं पळून चाललंय?’

मायनं हे का म्हटलं, ते मी तिला पुढं किती तरी वेळा विचारलं. एकदा म्हणाली, ‘तिला कुनी कधी इचारलं व्हतं का, कुठं जायाचंय म्हनून?’ दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाली, ‘मला बी थोडी मोकळी जागा पायजे व्हती की.’ दोन्ही उत्तरं तिनं सारख्याच शांतपणे दिली. कोणतं खरं, की दोन्ही, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी तंबूतून बेरिंगच्या चाकांची एक फळीची गाडी आली आणि आत्या गल्लीतून गेली. बायका दारात आल्या. ती दोन्ही बाजूंना मान वळवून घरं बघत होती, आणि मधेच म्हणाली, ‘यशोदाबाई, तुमी अशा दिसता व्हय!’ इतकी वर्षं भिंतीपलीकडं राहून तिनं तिला पाहिलं नव्हतं.

चार-पाच दिवसांनी माय मला खेळ बघायला घेऊन गेली. मी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्गात होते, अगदीच लहान नव्हते. पेटी कशी असते हे मला माहीत होतं, आत कोण आहे हे माहीत होतं. तरी पडदा सरकला आणि हिरव्या उजेडात ते मुंडकं दिसलं, कपाळावर चमकी, डोळ्यांत हे एवढं काजळ, तेव्हा मी मायचा पदर धरला. बायका हात जोडत होत्या. एकीनं दुधाची वाटी आणली होती. आमच्या घरानं देव नदीत सोडले होते, आणि आमच्याच घरातल्या बाईपुढं लोक नमस्कार करत होते. मुंडक्यानं माझ्याकडं बघितलं आणि खोल, घशातून आलेल्या, आत्याच्या नसलेल्या आवाजात विचारलं, ‘तू कुनाची गं?’ बाहेर आल्यावर माय म्हणाली, ‘अगं, गंमत केली तुझी.’ असेल. पण त्या क्षणी ती मला ओळखत होती की नाही, हे मला आजही खात्रीनं सांगता येत नाही.

मग जत्रा उठली आणि पैठणला गेली. आत्या त्यांच्याबरोबर गेली. जाताना मायच्या गळ्यात पडून रडली, आणि गाडीत बसल्यावर हसत होती.

आण्णा आले ते बाजारच्या दिवशी. पिशवी ठेवली, पाणी प्यायले, मागच्या खोलीत डोकावले. मायनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. ते बराच वेळ परातीकडं बघत बसले. सकाळी म्हणाले, ‘उजे, चल. आत्याला आनू.’ माय तेव्हा बाळंतपणाला टेकलेली होती, तिला जाता येणार नव्हतं, आणि बहिणीला उचलून आणायचं तर सोबत कुणी बाईमाणूस हवं, म्हणून मी.

पैठणला नदीकडच्या रस्त्याला तंबू होते. आम्ही मागच्या बाजूनं गेलो. सकाळची वेळ, दोरीवर ओली लुगडी आणि नागाचं कापडी अंग शेजारी शेजारी वाळत घातलेलं. आत्या तिच्या गाडीवर बसून केसांना तेल लावत होती. आण्णांना बघून तिचा हात थांबला. तेवढ्यात एक माणूस पुढं आला. बाबूभाई. त्याला जन्मापासून हात नव्हते. पुढच्या तंबूत तो पायानं सुईत दोरा ओवायचा, पायानं दाढी करायचा, लोक ते बघायला येत. तो घडवंचीवर बसला, एका पायाच्या अंगठ्यात किटलीचा कान धरला, कपात चहा ओतला, आणि तो कप पायाच्या बोटांत धरून आण्णांपुढं केला.

पिशोरला आण्णांच्या लहानपणी त्यांना चहा वरून ओतायचे, गोठ्यात वेगळ्या ठेवलेल्या कपात. ही गोष्ट ते विहारात सांगायचे. आता पायातला कप त्यांच्या समोर होता. त्यांच्या तोंडावर काय होतं? किळस नव्हती, एवढं नक्की. भीती होती का? की ते आठवण काढत होते? त्यांनी दोन्ही हातांनी कप घेतला, जसा वडीलधाऱ्याकडून घेतात, आणि उभ्या उभ्या सगळा चहा प्यायले. मग कप खाली ठेवून बहिणीला म्हणाले, ‘चल, सामान बांध.’

मी गोंधळले. चहा घेतला म्हणजे त्यांना हे सगळं पटलं असं मला वाटलं होतं.

आत्या म्हणाली, ‘एक खेळ बघ, दादा. मग बोल.’

दुपारच्या खेळाला आम्ही रांगेत उभे राहून आत गेलो. पडदा सरकला. खालाचा नवरा छडी आपटून प्रश्न विचारायचा आणि नागकन्या उत्तरं द्यायची. खाती काय? दूध. झोपती कुठं? वारुळात. मग त्यानं विचारलं, ‘बता, किस पाप की सजा मिली तेरेकु?’ आणि त्या खोल आवाजात आत्या म्हणाली, ‘माय-बापाला उलटून बोलले, दारच्या भुकेल्याला हाकललं, म्हणून ही गत झाली.’ बायका चुकचुकल्या. एका आईनं पोराचा कान धरून त्याला ते मुंडकं दाखवलं. आण्णा गर्दी ढकलून बाहेर पडले.

मागं तंबूत आत्याला पेटीतून काढेपर्यंत ते उभेच होते.

‘चंद्रे, ते पाप कुठनं आनलंस?’

‘खेळातलं हाय, दादा. आधीची पोरगी बी तेच म्हनायची.’

‘ज्या शब्दापाई म्या तुला खांद्यावर घेऊन गाव सोडलं, त्योच शब्द तू लोकायला ऐकवतीस?’

‘गावात लोक म्हनायचे आन म्या ऐकायची,’ आत्या म्हणाली. तिच्या कपाळावरची चमकी घामानं ओघळत होती. ‘आता म्या म्हनते आन ते ऐकत्यात.’

‘घरी काय कमी केलं तुला?’

‘काय नाय. खायला व्हतं, ल्यायला व्हतं. वैनी चांगली हाय. पर दादा, तुझ्या घरी म्या कान लावून बसायची. गल्लीतनं कोन चाललं ते आवाजावरनं वळखायची. आता मानसं दिसत्यात. रोज नवी.’

‘मानसं तुला बघत्यात, चंद्रे. साप म्हनून बघत्यात.’

‘म्या बी त्यायला बघते की. पायाकडं बघून हाय हाय करन्यापरीस सापाला भ्यालेलं बरं.’

आण्णांकडं सांगण्यासारखं खूप होतं. विहारात ते दोन दोन तास बोलायचे. पण इथं ते एका डब्यावर बसून राहिले. मी एकाकडून दुसरीकडं बघत होते. आण्णा बोलले की मला पटायचं, आत्या बोलली की तेही पटायचं. अलीकडंच मी एका सभेला गेले होते. तिथं एक शिकलेली मुलगी म्हणाली की असले खेळ म्हणजे निव्वळ शोषण. मी मान हलवली. घरी येताना रिक्षात बसून मनात आलं, आत्याला हे ऐकवलं असतं तर? तिनं त्या मुलीचा आवाज काढून दाखवला असता. मग पुन्हा वाटलं, मुलगी खोटं कुठं बोलली?

शेवटी आत्याच म्हणाली, ‘ते पापाचं तेवढं काढून टाकते.’

खाला मधे पडली. ‘नक्को रे बाबा. पाप निकाला तो खेल बैठ जाता.’

‘बसू दे,’ आत्या म्हणाली.

पुढचा खेळ भरला. आण्णा दाराशी उभे राहिले, आत यायला तयार नव्हते आणि जायलाही. छडी आपटली. किस पाप की सजा? आत्या नागकन्येच्या नाही, भाकरी थापतानाच्या आपल्या साध्या आवाजात म्हणाली, ‘पाप कुनाचंच नाय. लहानपनी ताप आला, पाय गेले. तेवढंच.’

माणसं एकमेकांकडं बघू लागली. कुणाला काही कळेना. नागाला पाय कुठून आले आणि गेले कसे? मागून एक गडी ओरडला, ‘मग शेपूट कुठनं आली?’

‘शेपटीचं मालकाला इचारा,’ आत्या म्हणाली, आणि लगेच खालाच्या नवऱ्याचा हुबेहूब आवाज काढून म्हणाली, ‘किस पाप की सजा!’

लोक पोट धरून हसले. तो बिचारा छडी घेऊन तसाच उभा. मीही हसले. हसणं ओसरत आलं तेव्हा पुढं उभी असलेली एक बाई बोलली. कडेवर सात-आठ वर्षांची मुलगी, तिचे पाय खाली लोंबत होते, आत्यासारखेच. त्या बाईच्या हातात दुधाची वाटी होती. ती हसली नव्हती.

‘माझ्या पोरीला बी तापच आला व्हता,’ ती म्हणाली. ‘मग आमचं बी पाप नाय का?’

‘नाय,’ आत्या म्हणाली.

‘नक्की?’

‘नाय म्हनले ना, बाई. दूध पोरीला पाज.’

त्या बाईनं आधी वाटीकडं पाहिलं, मग नागाकडं. विश्वास ठेवावा की नाही ते तिला ठरवता येत नव्हतं, ते दिसत होतं. आत्या नागकन्या होती म्हणून ती विचारत होती, आणि आत्या म्हणत होती की मी नागकन्या नाही. खालाच्या नवऱ्यानं घाईनं पडदा ओढला. मी वळून दाराकडं बघितलं. आण्णांचे खांदे हलत होते. ते हसत होते की रडत होते, मला दिसलं नाही, त्यांची पाठ माझ्याकडं होती.

आम्ही आत्याला न घेता निघालो. आण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, खालाला म्हणाले, ‘हिला थंडी सहन व्हत नाय, ध्यान ठेवा.’ बस. आत्या पुढं बरीच वर्षं त्या खेळात राहिली. नागकन्या हळूहळू गंमत करणारी बाई झाली, लोक हसायला येऊ लागले, खालाची तक्रार बंद पडली. मग जत्रा ओसरल्या, आत्याचे खांदे दुखू लागले आणि ती आमच्याकडंच परतली. गल्लीच्या तोंडाला गोळ्या-बिस्किटांची टपरी टाकून बसली आणि म्हातारी होऊन गेली. तिथून तिला अख्खा रस्ता दिसायचा.

पण त्या दिवशी एसटीत यातलं काहीच माहीत नव्हतं. बिडकीन गाव मागं पडलं. मग आण्णा अचानक मला म्हणाले, ‘उजे, गल्लीत लोक इचारतील. काय सांगायचं?’

आण्णांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, ‘सांगू, आत्या कामावर गेलीय.’

‘कसलं काम म्हनले तर?’

मी त्यांच्याकडंच बघितलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘मग म्हनावं, ती आली की तिलाच इचारा.’

आत्या त्याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला आली, जत्रा बंद झाल्यावर. माझा धाकटा भाऊ तेव्हा पाळण्यात होता. ती घरात शिरलीच नाही. गाडी ओट्याला लावून बसली, गल्लीतल्या बायका भोवती गोळा झाल्या, यशोदाबाईनं विचारलंच, ‘कुठं व्हता इतके दिस? काय करत व्हता?’ आणि आत्यानं पदर सावरून पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, पेटीपासून, कापडी नागापासून, काही न गाळता. आण्णा नुकतेच कामावरून आले होते. आतल्या बाजूला, दाराआड, गाऱ्यानं भरलेले हात तसेच धरून, ते कान लावून उभे होते.